कस्मिनाहचं ठेंगणं दार

सेमारांगच्या लयर गल्लीत कस्मिनाहच्या घरात आजवर कोणी ताठ मानेनं शिरलेलं नाही. वस्तीचा मुखिया असो, मशिदीतले मौलवी असोत, नाही तर निवडणुकीच्या तोंडावर उगवणारा एखादा पुढारी असो, दाराशी आला की कमरेत वाकायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. जो वाकत नाही त्याच्या कपाळाला टेंगूळ येतं आणि पुढच्या खेपेला तो जरा जास्तच वाकतो. कस्मिनाह आत चटईवर पाय दुमडून बसलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येकाचं ते वाकणं एखाद्या राणीच्या थाटात स्वीकारते. "या या, एवढं कशाला वाकता!" असं वर म्हणतेही.

हे दार कुणी मुद्दाम ठेंगणं केलेलं नाही. कस्मिनाह नवी नवरी होऊन आली तेव्हा तिचा नवरा वागिमान, चांगला उंचापुरा गडी, डोक्यावर माशांची टोपली घेऊन याच दारातून सरळ आत जायचा. दार तेच आहे, फक्त खालची जमीन वर आली आहे. आणि जमीन वर का आली, तर ती खाली चालली आहे म्हणून. ऐकायला उलटं वाटतं, पण सेमारांगमध्ये बरंच काही असं उलटं आहे. या शहराचे दोन मजले आहेत. वरचा मजला टेकड्यांवर. तिथे गार वारा, बागा, बंगले आणि संध्याकाळी अंगावर शाल घेण्याची चैन. खालचा मजला समुद्राकाठी. तिथे बंदर, गोद्या, मासळीबाजार, गोऱ्यांच्या काळातल्या जाड भिंतींच्या साखरेच्या वखारी आणि आम्ही. सगळं शहर पोट भरतं ते खालच्या मजल्यावर, झोपायला मात्र ज्याला जमतं तो वर जातो. कारखाने आणि मोठी हॉटेलं जमिनीतलं पाणी उपसून पितात, म्हणून खालचं शहर दर वर्षी थोडं बसतं. एखाद्या थकलेल्या म्हातारीसारखं बसतं, फक्त या म्हातारीला उठायला हात द्यायला कोणी येत नाही. आणि ती बसली की समुद्र हळूच शेजारी येऊन बसतो.

त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येला, विशेषतः उन्हाळी वाऱ्याच्या दिवसांत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना गल्लीत गुडघाभर पाणी येतं. त्या उधाणाला इकडे रोब म्हणतात. रोब आला की लोक वहाणा हातात घेतात, स्कूटरी ओट्यावर चढवतात आणि मागच्या पानावरून पुढे चालू. रोब फारच अंगावर यायला लागला की घरात राडारोडा ओतायचा, वर नव्या फरश्या बसवायच्या आणि दोन-चार वर्षं निभावायची. पैसेवाले छप्परही उचलतात. कस्मिनाहनं प्रत्येक वेळी फक्त जमीन उचलली. छपराची पाळी आली की वेनिंगची, म्हणजे तिच्या मुलीची, फी तरी भरायची असायची, नाही तर वागिमानचं औषध. वागिमान गेला, वेनिंग शिकून मोठी झाली, पण छप्पर होतं तिथेच राहिलं. घरातली खिडकी आता गुडघ्याशी आहे. तिच्या चौकटीवर चहाचे पेले ठेवतात. आणि खरं सांगायचं तर कस्मिनाहला आता त्या ठेंगण्या दाराची गोडी लागली होती. बाजारात तिला कुणी ओळखलं नाही तरी चालायचं, घरी आल्यावर वाकतीलच की!

तिचा धंदा बांदेंग माशाचा. गोड्या-खाऱ्या तळ्यातला हा मासा चवीला अमृत, पण काटे इतके की खाणाऱ्याचं लक्ष निम्मं ताटात आणि निम्मं घशात. कस्मिनाह तो हळद, लसूण, आलं लावून मोठ्या कुकरमध्ये असा शिजवते की काटे लोण्यासारखे होतात. शेजारीण पैनेम, जिचं कोळंबीच्या चटणीचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे, ती सगळ्यांना सांगते, "माशातले काटे कुठे जातात ठाऊक आहे? यू कस्मिनाहच्या जिभेवर." यू म्हणजे ताई. लयर गल्लीत सगळ्या बायका यू. बू, म्हणजे बाईसाहेब, म्हणवून घ्यायचं तर टेकडी चढावी लागते.

वेनिंग सकाळी बंदराच्या फाटकाशी माशाची पुडकी विकायची आणि दुपारी एका मालवाहतुकीच्या कचेरीत बसायची. फाटकाशी तिला सेनो भेटला. सेनो बंदरातली भली मोठी क्रेन चालवतो. दिवसभर आकाशात बसून डबे उचलायचे, ठेवायचे. स्वतःही विजेच्या खांबासारखा उंच. पहिल्यांदा घरी आला तेव्हा एकदा आत येताना आपटला, एकदा बाहेर जाताना आपटला आणि एकदा "दुखलं नाही, मावशी" असं सांगायला पुन्हा आत डोकावताना आपटला.

"डोकं टणक आहे," तो गेल्यावर कस्मिनाह म्हणाली.

"आई!"

"अगं, वाईट कुठे म्हणतेय? या घरचा जावई व्हायचं तर तेवढा गुण हवाच."

सेनो तिला आवडला होता. अडचण होती ती सेनोच्या आईची.

बू इंद्रातींचं वरच्या शहरात बाटिकचं दुकान. दुकानामागे बंगला, बंगल्यापुढे बाग, आणि डोक्यावर कायम अंबाडा. असा घट्ट, चकचकीत आणि थोरला की त्याला वेगळं घर द्यावं. दोघी आयांची ओळख व्हावी म्हणून सेनोनं कस्मिनाहला आणि वेनिंगला चहाला वर नेलं. कस्मिनाहनं सोबत सहा चांगले बांदेंग बांधून घेतले. बू इंद्रातींनी पुडकं दोन बोटांनी उचललं आणि मोलकरणीकडे दिलं.

"मला खालचा वास सहन होत नाही हो," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "जन्मापासून वरचीच ना मी. इथे कशी हवा कोरडी."

"हो, कोरडी आहे खरी," कस्मिनाह म्हणाली. "माणसं सुद्धा कोरडी राहत असतील."

वेनिंगनं टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला.

बू इंद्रातींनी चहाचा घोट घेतला. "वेनिंग गुणी आहे. माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ही दोघं लग्नानंतर तुमच्या शेजारी खोली घेऊन राहायचं म्हणतात, बंदर जवळ पडतं म्हणून. मी पोराला काय पाण्यात घालू? मागणी घालायला मी तुमच्या दारी येईन, रीत आहे ती. पण माझंही एक ऐकून ठेवा. ज्या घरात पाणी शिरतं, त्या घराशी सोयरिक मी करणार नाही."

कस्मिनाह मान ताठ करून म्हणाली, "गल्लीतलं पाणी सरकारचं. माझ्या घरात पाण्याचा थेंब येत नाही."

ही थाप होती. अगदीच उघडी नव्हती. नव्या फरशीला जेमतेम वर्ष झालं होतं आणि नेहमीच्या भरतीला घर खरंच कोरडं राहायचं. मोठ्या उधाणाचं तिनं मनातच धरलं नाही.

आता मागणीचा मुहूर्त. आमच्या गल्लीतले मुहूर्त म्हातारे म्बाह रेक्सो काढतात; म्बाह म्हणजे आजोबा. मुलाचा जन्मवार, मुलीचा जन्मवार, पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला पोन की वागे की क्लिवोन, सगळं बोटांवर मोजत त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "बेसर महिन्याचा पंधरावा दिवस. दुपारच्या नमाजानंतर, ऊन उतरल्यावर. असा दिवस पुन्हा लवकर मिळायचा नाही. शिवाय पौर्णिमा. वधूचा चेहरा कसा उजळेल!"

"पौर्णिमा!" कस्मिनाह हरखली. "किती छान!"

"पौर्णिमा," पैनेमनं गालाला हात लावला. "बाई बाई, दृष्ट लागायची."

दिवस वर कळवला. वरच्यांनीही आपल्या म्हाताऱ्याकडून तपासून घेतला, तर तिथेही तोच दिवस उत्तम निघाला. ज्या गल्लीत पाळणा टांगताना आधी भरतीची रेघ बघतात, जिथे शेंबडं पोरही चंद्र बघून वहाणा वर ठेवतं, त्या अख्ख्या गल्लीत पौर्णिमा ऐकून कुणालाही समुद्र आठवला नाही. सगळ्यांना वधूचा चेहरा आठवला. आनंदानं अक्कल जाते म्हणतात ती अशी.

आठवण झाली ती परवावर दिवस आल्यावर. पैनेम सकाळी दाराशी गटाराजवळ भांडी घासत होती. गटारातलं पाणी उलट दिशेनं चाललेलं तिनं पाहिलं आणि तिच्या हातातली कढई सुटली.

"यू! यू कस्मिनाह! परवा पौर्णिमा गं!"

"माहीत आहे. वेनिंगचा चेहरा—"

"चेहरा गेला खड्ड्यात! समुद्र येतोय समुद्र! बेसरमधली पौर्णिमा, दुपारची भरती! वर्षातलं मोठं उधाण!"

कस्मिनाहनं आधी उंबऱ्याकडे बघितलं, मग नव्या फरशीकडे.

तासाभरात सगळी गल्ली तिच्या घरात वाकून वाकून जमली. दिवस पुढे ढकलायचा तर म्बाह रेक्सो छाती पिटून घेणार, ठरलेला दिवस मोडणं म्हणजे लग्नच मोडणं. वरच्यांच्या नातलगांना निरोप गेले होते, चिकट भाताच्या वड्या थापून झाल्या होत्या. कुणी म्हणालं, वर एखादा हॉल घ्या. कस्मिनाह ताडकन म्हणाली, "मुलीला मागणी मुलीच्या दारात. वागिमान असता तर असंच म्हणाला असता." कुणी म्हणालं, घाईनं अजून एक थर राडारोडा ओता. तेव्हा वेनिंगनं उभं राहून दाखवलं. तिचे केस आढ्याला लागत होते.

"अजून थर ओतला तर सेनोला रांगत आणावं लागेल," ती म्हणाली.

म्हणजे पाय कोरडे ठेवावेत तर डोकं फुटतं, आणि डोकं वाचवावं तर पाय भिजतात.

मग म्बाह रेक्सो खाकरले. मुहूर्ताचं पाप त्यांच्या माथ्यावर होतं, तेव्हा डोकं चालवणं भाग होतं. "आपण उभं कशाला राहायचं? पाहुण्यांनी वाकत यावं, बसावं, बसल्या जागी बोलावं, खावं, आणि वाकत जावं. वडीलधाऱ्यांपुढून ताठ चालणं ही रीत आहे का आपली? नाही. मग झालं तर."

"आणि पाणी?"

"पाण्यावर बसू."

मासळीबाजारातून माशांची प्लास्टिकची खोकी आली. ती पालथी घालून, वर फळ्या टाकून, अख्ख्या खोलीत एक माचा तयार झाला. त्यावर चटया, चटयांवर पैनेमच्या लग्नातला लाल गालिचा. उंबऱ्याशी वाळूच्या पिशव्या रचल्या आणि त्यांच्यावर फुलांच्या कुंड्या ठेवल्या, म्हणजे पाहुण्यांना वाटावं की ही हौस आहे. पाणी आत आलंच तर माच्याखाली आपलं आपलं राहील, कुणाच्या नजरेला पडणार नाही. वर मात्र छप्पर इतकं खाली आलं की बसल्या बसल्या हात उंचावला तर कौलांना लागायचा.

"छान उबदार वाटतं," पैनेम म्हणाली. घामानं तिची पावडर ओघळत होती.

तो दिवस उजाडला तो निळाभोर. पावसाचं नाव नाही, वारा नाही, कौलं तव्यासारखी तापलेली. दुपारी उन्हं कलायला लागली आणि समुद्र आला. आधी गटारातून, मग रस्त्यावरून, मग चारी बाजूंनी एकदम, घरच्यासारखा. उंबऱ्यावरच्या पिशव्या त्यानं इमानेइतबारे ओलांडल्या नाहीत. तो खालून आला. फरश्यांच्या सांध्यांतून बुडबुडे काढत वर आला आणि माच्याखाली जाऊन बसला.

"आला," वेनिंग कुजबुजली.

"येऊ दे. तोंड मिटून बसला म्हणजे झालं," कस्मिनाह म्हणाली आणि दारात जाऊन वाकून बाहेर बघायला लागली.

वरच्यांच्या गाड्या मोठ्या रस्त्यावर थांबल्या. पुढचं चालत यायचं होतं. लयर गल्ली ओट्याओट्यांवर उभी राहून बघत होती, कारण असा तमाशा पैसे देऊनही मिळत नाही. सेनोचे काका-मामा भरजरी टोप्या घालून, विजारी मांडीपर्यंत गुंडाळून, बगळ्यासारखे एकेक पाय उचलत निघाले. पाय उचलला की तोल जाई, तोल गेला की डोक्यावरचं तबक हेलकावे खाई. तबकांत केळी, साड्यांसारखे घडी केलेले बाटिक, भाताच्या वड्या, अंगठीची डबी. सेनो पुढे. त्याला पाणी पोटरीपर्यंतच होतं, तो मजेत होता.

आणि सगळ्यांच्या मागे बू इंद्राती. कस्मिनाहची नजर त्यांच्यावरच होती. आता त्या किंचाळतील, आता परत फिरतील. बू इंद्रातींनी वहाणा काढून डाव्या हातात घेतल्या. उजव्या हातानं लुगडं एका बाजूनं उचललं आणि कमरेशी खोचलं. मग चालायला लागल्या. पाय उचलत नव्हत्या. तळवा जमिनीला लावून पुढे सरकवायच्या, अंगठ्यानं चाचपायच्या आणि मग भार टाकायच्या. भिंतीच्या कडेनं, गटाराची बाजू सोडून. पाण्यावर तरंगही उठत नव्हता.

कस्मिनाहच्या तोंडाचा आ झाला. असं चालायला कुणी शिकवत नाही. झाकण उडालेल्या गटारात लहानपणी एकदा पडलं की अंगी येतं.

मागून पैनेम कानाशी लागली. "यू, बघितलंस? ही बया तर—"

"गप्प बस."

"जन्मापासून वरची म्हणे! जन्मापासून वरची अशी चालते?"

"पैनेम, तुझ्या चटणीची शपथ, आज तोंड उघडलंस तर." पण कस्मिनाहच्या जिभेवरचे सगळे काटे एकदम उभे राहिले होते. अशी बातमी आणि बोलायचं नाही! माणसानं जगायचं कसं?

काका-मामा वाकून आत गेले. तबकं डोक्यावरून पोटाशी घेता घेता केळ्यांचा एक घड समुद्राला मिळाला. मग बू इंद्राती दाराशी आल्या. त्या वाकल्या, अगदी रीतीप्रमाणे वाकल्या. पण वाकल्या त्या स्वतःच्या मापानं. अंबाड्याचं माप धरायचं राहिलं. खट् आवाज झाला. अंबाडा चौकटीला लागला, सुटला, त्यांच्या खांद्यावरून घरंगळला आणि डुबकन पाण्यात पडला. मग वर आला आणि दोन काटे खोचलेल्या अवस्थेत शांतपणे गल्लीतून चालता झाला.

सगळी गल्ली चिडीचूप. पैनेमची बदकं मात्र आनंदानं त्याच्या मागे निघाली.

"अरे, मांजर वाहून चाललंय कुणाचं!" म्बाह रेक्सो आतून ओरडले. त्यांना लांबचं दिसत नाही. "धरा, धरा बिचारीला!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि तोंडात टोपी कोंबली. बू इंद्राती दारात उभ्या, अर्ध्या वाकलेल्या, डोक्यावर उरलेली चिमूटभर करडी वेणी, चेहरा लालबुंद. सेनोनं डोळे मिटून घेतले. वेनिंगनं आईकडे पाहिलं. तिच्या नजरेत एवढंच होतं की आता संपलं.

कस्मिनाहनं दोन्ही हात डोक्यामागे नेले. तिनंही पैनेमच्या बहिणीकडून आणलेल्या गंगावनाचा चांगला मोठा अंबाडा घातला होता. काटे ओढले, अंबाडा उपटला आणि दिला गल्लीत भिरकावून.

"जाऊ दे त्यालाही सोबत," ती म्हणाली. "माझंही उसनंच आहे, बू. सकाळपासून टाळू भाजत होती."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून पैनेमचा अंबाडा उडाला. मग सेनोच्या मावशीनं, वरच्या शहरातली बरं का, "मेलं किती गरम होतं!" म्हणत आपला काढला. चार-पाच काळे गोळे पाण्यावर तरंगत बदकांसह मोठ्या रस्त्याकडे निघाले. आणि बू इंद्रातींच्या तोंडून असा एक आवाज आला की पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं त्या रडतात. त्या हसत होत्या. चौकटीला धरून, पोट दाबून हसत होत्या.

पण खरी परीक्षा पुढे होती. सगळे माच्यावर बसले. काकांनी दरबारी भाषेत सुरुवात केली की आमच्या बागेत एक रोप आहे, त्याला तुमच्या अंगणातल्या फुलाची ओढ लागली आहे. म्बाह रेक्सोंनी त्याहून दरबारी भाषेत उत्तर सुरू केलं. तेवढ्यात खालून आवाज आला. डुबुक.

कस्मिनाह जोरात खोकली.

"…आणि त्या फुलाच्या सुगंधानं—" म्बाह रेक्सो.

डुबुक. डुबुक.

पैनेमनं चहाचे पेले खणखणवले. "साखर कुणाला हवी? साखर?"

मग एक मासा, बांदेंग नव्हता, कुठलासा चिल्लर मासा होता, माच्याखाली अडकून असा तडफडला की लाल गालिच्यावरच्या वड्या हलल्या. भाषण थांबलं. बू इंद्रातींनी हातातला पेला खाली ठेवला आणि काही न बोलता गालिच्याचा कोपरा उचलला. मग चटईचा. मग दोन फळ्यांच्या फटीतून वाकून बघितलं. खाली काळं पाणी लखलखत होतं.

"घरात पाण्याचा थेंब येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "असंच म्हणाला होतात ना, बू कस्मिनाह?"

आता कस्मिनाहच्या जिभेवर काय होतं ते मी सांगायला नको. 'आणि तुम्ही जन्मापासून वरच्या, नाही का?' एवढंच वाक्य. सुरीसारखं धारदार, तयार. पैनेम तर श्वास धरून त्याची वाटच बघत होती. कस्मिनाहनं तोंड उघडलं. समोर वेनिंग बसली होती, मांडीवर हात घट्ट जुळवून. कस्मिनाहनं ते वाक्य गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा काट्यासकट गिळलं.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "येतं पाणी. रोज नाही, पण मोठ्या उधाणाला येतं. मागच्या घराच्या आधी आमच्याकडे येतं. पण पोरगी याच पाण्यात वाढली आणि सर्दीनं सुद्धा कधी आजारी पडली नाही. आता तुमची मर्जी."

बू इंद्रातींनी पुन्हा खाली बघितलं, एका खोक्यावर बोटानं टिचकी मारली.

"खोकी बरी केलीत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दारं काढून पाण्यावर अंथरायचे. लाकडी दारं तरंगतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या मागणीला नवऱ्याकडचा म्हातारा दारासकट निघाला होता स्वयंपाकघराकडे."

सेनोनं आईकडे असं पाहिलं जणू त्याची क्रेन बोलायला लागली. "आई, आपल्याकडे? कुठे आपल्याकडे?"

"मासळीबाजाराच्या मागे. बांबू गल्ली." त्यांनी गालिचा नीट केला. "आता ती गल्ली समुद्रात आहे, तुला दिसणार नाही. माझ्या वडिलांची तळी होती तिथे, बांदेंगची. तळी गेली, घर गेलं, मग आम्ही वर गेलो. लग्न झाल्यावर तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूनं, मला सांगितलं होतं की खालचं नाव तोंडात आणायचं नाही. मग मी सुद्धा आणलं नाही." त्या कस्मिनाहकडे वळल्या. "पाण्याची मला किळस नाही. भीती आहे. मी ज्यातून वर आले तिथेच पोरगं हौसेनं परत निघालंय, मला झोप येते का सांगा."

कस्मिनाहनं बशी पुढे सरकवली. "आधी खा. रिकाम्या पोटी भीती जास्त वाटते."

बू इंद्रातींनी बांदेंग घेतला. आधी डोकं मोडलं, ते चोखलं, मग पाठीचा कणा सबंध तोंडात टाकला. वरची माणसं कणा काढून ठेवतात. खालची खातात.

"लसूण थोडा कमी आहे," त्या म्हणाल्या.

"लसूण बरोबर आहे," कस्मिनाह म्हणाली. "तुमची जीभ वर जाऊन बिघडली."

"बिघडली असेल, यू," बू इंद्राती म्हणाल्या. यू म्हणाल्या! पैनेमनं हातातला पेला खाली ठेवायच्या ऐवजी सोडून दिला, तो फळ्यांच्या फटीतून गेला पाण्यात. "बरं, म्बाह, तुमचं ते फुलाचं आणि सुगंधाचं पुरे करा. पोरीला विचारा."

म्बाह रेक्सोंनी पोरीला विचारलं. रीतीप्रमाणे मुलीनं लाजून मान खाली घालायची असते. वेनिंगनं एवढ्या जोरात "हो" म्हटलं की बाहेर ओट्यावर टाळ्या वाजल्या. सेनो आनंदानं उभा राहिला आणि कौल फुटलं.

"अट मागे घेतली," त्याचं डोकं चोळत बू इंद्राती म्हणाल्या. "पण एक नवी अट. लग्नाच्या आधी हे छप्पर वर उचलायचं. मी पण हात लावीन. माझा मुलगा जन्मभर टेंगळं मिरवत फिरणार नाही आणि माझा अंबाडाही."

"आणि लग्नाचा दिवस?"

सगळ्यांनी म्बाह रेक्सोंकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "यंदा मी आधी समुद्राला विचारीन."

छप्पर उचललं तो दिवस लयर गल्ली अजून आठवते. चारी खांबांशी जॅक, प्रत्येक जॅकशी दोन माणसं आणि मध्ये सेनो, क्रेनवरच्या आवाजात "हळू! डावीकडे! आता थांब!" असं ओरडत. कौलं करकरत वर गेली, भिंतीत ताजा उजेड आला. बायकांनी मोठ्या पातेल्यात भाजीभात केला होता. बू इंद्राती पदर खोचून लसूण सोलत होत्या आणि कस्मिनाहच्या नकळत दुप्पट टाकत होत्या. दार उंच झालं, चांगलं रुंद, हवेशीर झालं. सेनो ताठ आत गेला, ताठ बाहेर आला, पुन्हा आत गेला. लहान मुलासारखा.

पण आठवड्याभरात कस्मिनाहचा चेहरा उतरला. लोक येत होते, जात होते, सरळ, ताठ, खिशात हात घालून. वस्तीचा मुखिया तर आत आल्यावर तिला दिसलाच नाही, इतक्या उंचावरून बोलत होता.

"काय गं यू, बरं नाही का?" पैनेमनं विचारलं.

"मला बरं आहे. जगाला शिस्त राहिली नाही."

दुसऱ्या दिवशी ती पाखरांच्या बाजारात गेली आणि एक होला घेऊन आली. मधुर घुमणारा, लाकडी पिंजऱ्यात. आमच्याकडे घराला होला शुभ मानतात, त्यात नवल नाही. नवल ते पिंजरा टांगला त्या जागेचं. नव्या उंच दाराच्या बरोबर मध्यावर, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर.

"आई, जरा बाजूला टांग की," वेनिंग म्हणाली.

"बाजूला त्याला वारा लागत नाही. पाखरू आहे ते, त्याच्या जिवाचा विचार नको?"

संध्याकाळी बू इंद्राती आल्या, हातात वड्यांचा डबा, डोक्यावर नवा अंबाडा. दाराशी थबकल्या. पिंजऱ्याकडे बघितलं, आत चटईवर राणीसारख्या बसलेल्या कस्मिनाहकडे बघितलं. मग एक हात अंबाड्यावर ठेवला आणि पिंजऱ्याखालून चांगल्या कमरेतून वाकल्या.

"या या, यू," कस्मिनाह प्रसन्न होऊन म्हणाली. "एवढं कशाला वाकता!"